टोक मोडलं म्हणून रॉड फेकायचा?

सरावलीतून बाइक काढली की नवापूर, नांदगावचा किनारा फार लांब नाही. सुट्टीच्या पहाटे पाठीला रॉड अडकवून निघालेली पोरं या रस्त्यावर दिसतात. कुणी कॉलेजातलं, कुणी एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून आलेलं. बांबूची काठी, तंगूस आणि गळ एवढ्यावरही मासा लागतो म्हणा, पण एकदा कार्बनचा रॉड हातात आला की काठी नको वाटते. फक्त काठी मोडली तर नवी तोडता येते. रॉड मोडला की पॉकेटमनी जातो.

गंमत म्हणजे दोष दर वेळी माशाचा नसतो. रॉड गाडीच्या दारात सापडतो, बाइकवर फांदीला अडकतो. मासा काठाशी आल्यावर आपण रॉड सरळ उभा धरून मागे ओढतो, तेव्हा सगळा भार बारीक टोकावर येतो आणि कडकन आवाज!

टोकाची दोन-तीन इंच गेली असतील तर काम सोपं आहे. तुटलेली कड बारीक पॉलिश पेपरने घासा (मास्क लावूनच, कार्बनची धूळ छातीत जायला नको). त्या जाडीत बसेल अशी टोकाची कडी आणा आणि हॉट ग्लूने चिकटवा. आच ग्लूला द्या, रॉडला नको. जास्त तापला तर रॉड तिथेच कमकुवत होतो. रॉड आता थोडा कडक वाटेल, हलकं आमिष पूर्वीइतकं लांब जाणार नाही. पण शिंगाळ्याला काय फरक पडतो?

मधून मोडला तर खरी कसोटी. जुन्या रॉडचा पोकळीत घट्ट बसणारा तुकडा आत घालायचा, दोन ट्यूबवाल्या इपॉक्सीने चिकटवायचा आणि वरून दोरा गुंडाळायचा. झटपट सुकणारी इपॉक्सी घेऊ नका, हळू सुकणारी घ्या.

लाइन सारखी तुटत असेल तर दुकानदाराला शिव्या देण्याआधी कड्या बघा. कानातला कापसाचा बड प्रत्येक कडीतून फिरवा. तंतू अडकले तर तिथल्या सिरॅमिकला चीर आहे. जुना दोरा ब्लेडने अलगद काढा, नवी कडी आधीच्या कड्यांच्या रेषेत ठेवून दोरा गुंडाळा, वर इपॉक्सीचा पातळ थर द्या. थर सुकेपर्यंत रॉड हळूहळू फिरवत राहायचा, नाहीतर एका बाजूला थेंब गोळा होतात. कंटाळवाणं काम आहे, पण लेक्चरपेक्षा बरं.

बदल करायचेच असतील तर मुठीपासून सुरुवात करा. झिजलेल्या फोमवर बॅडमिंटनची ग्रिप टेप मस्त बसते. रॉडचे भाग जोडतात तिथे मेणबत्ती घासली तर ते अडकत नाहीत. आणि समुद्रावरून आलात की रॉड गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मिठाने कड्यांचे पाय गंजतात.

१ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, तेव्हा सातपाटी, मुरब्यात जाळी आणि बोटी दुरुस्तीला निघतात. रॉडचं कामही तेव्हाच काढा, फक्त दमट हवेत इपॉक्सी धुरकट होते, म्हणून कोरड्या खोलीत बसा.

एक इशारा मात्र हवाच. कार्बनमधून वीज वाहते. विजा चमकत असताना किनाऱ्यावर थांबू नका. बोईसर स्टेशनवर वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, तिथे रॉड जोडलेला नको, भाग सुटे करून पिशवीत ठेवा.

दुरुस्त रॉड थेट समुद्रावर नेऊ नका. एक दिवस सुकू द्या, मग लाइनला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली बांधा आणि अंगणात सावकाश उचलून बघा.