महाविद्यालयाचा रेडिओ, गावाचा आवाज



आकाशवाणीचा शेतीविषयक कार्यक्रम अनेक जिल्ह्यांसाठी असतो. रात्री मारेगावात पाऊस पडला आणि वणीकडे कोरडेच राहिले, तर सकाळी पऱ्हाटीला खत द्यायचे की थांबायचे, हे दूरच्या केंद्राने गावागणिक कसे सांगावे? त्यासाठी जवळचा, लहान रेडिओ लागतो. त्यालाच सामुदायिक रेडिओ म्हणतात.

सुरुवात कशी झाली?

रेडिओ ऐकून चर्चा करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता-मंडळे चालवून पाहिली. पण बोलणारे केंद्र शहरातच होते. २००२ साली सरकारने शिक्षणसंस्थांना स्वतःचे केंद्र काढण्याची मुभा दिली. २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातले असे पहिले केंद्र सुरू झाले. २००६ पासून सेवाभावी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रेही यात आली. आपल्या राज्यात पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, बारामतीची ‘शारदा कृषी वाहिनी’ आणि म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही याचीच उदाहरणे.

आवाज किती दूर जातो?

या केंद्राची शक्ती साधारण १०० वॅटपर्यंत आणि मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंत ठेवावी लागते. एफ. एम. लहर सरळ रेषेत जाते. मोकळ्या रानात दहा-बारा किलोमीटर ऐकू येते, टेकडीआडच्या गावात मात्र खरखर होते. म्हणून दुसऱ्या तालुक्यातले केंद्र आपल्या कामाचे नाही. ते जवळच असावे लागते.

चालवते कोण?

पगारी माणसे थोडी, बाकी काम विद्यार्थी हौसेने करतात. कोणी मुलाखत घेतो, कोणी ध्वनिमुद्रण सांभाळतो. यात एक अडचण आहे बरं का! एप्रिल-मेमध्ये पोरं परीक्षेत आणि सुटीत असतात, नेमकी तेव्हाच आपली बियाण्यांची खरेदी चालू असते. दिवाळीच्या सुटीत वेचणी जोरात असते. गरज असते तेव्हाच केंद्र मुके राहिले तर काय उपयोग? म्हणून निम्मे स्वयंसेवक गावातले हवेत: बचत गटातील बाया, जाणते शेतकरी, शेतमजूर.

फायदा कोणता?

२०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डब्यावरचे बारीक अक्षर सर्वांनाच वाचता येत नाही. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नये, फवारताना बिडी-तंबाखू घेऊ नये, हे फवारणीच्या दिवसांत रोज सकाळी आपल्याच बोलीत कानावर पडले, तर एखादा जीव वाचेल.

ध्यानात ठेवा

१. औषधाची मात्रा स्वयंसेवकाने मनाने सांगू नये. कृषी अधिकारी किंवा तज्ज्ञाने दिलेलीच वाचावी, तीही दोनदा.

२. ऐकणाऱ्याने मात्रा लिहून घ्यावी. ऐकायला चुकले तर अंदाजाने फवारू नये, विचारून घ्यावे.

३. अशा केंद्राला राजकारणाचा प्रचार करता येत नाही. हवामान, वीज-पाणी, परीक्षा यांची माहिती मात्र देता येते.

४. परवाना केंद्र सरकारकडून मिळतो. परवान्याविना प्रक्षेपण करू नये.

आपण काय करावे?

आधी आठ-दहा घरे मिळून श्रोता-मंडळ करा. कार्यक्रम ऐका, धुऱ्यावर बसून बोला, राहिलेल्या शंका वहीत लिहा. ती वही घेऊन जवळच्या महाविद्यालयात जा आणि प्राचार्यांना विचारा: “गुरुजी, पोरं बोलायला तयार असतील तर आम्ही सांगायला तयार आहोत. केंद्र काढता येईल काय?”

यंत्र पैशाने येईल. पण रोज बोलायला आणि ऐकायला माणसे लागतात, ती गावानेच द्यायची आहेत.