भूसंपर्क-सळईचा रोध व तो कमी करण्याचे उपाय

विद्युत्‌यंत्राचा धातूचा सांगाडा जमिनीशी जोडणे, म्हणजे व्यवहारात ज्याला अर्थिंग म्हणतात ते करणे, ही क्रिया वरवर पाहता अगदी साधी वाटते. लोखंडाची वा तांब्याचा मुलामा दिलेली एक सळई जमिनीत ठोकावयाची आणि तारेने ती यंत्राला जोडावयाची, एवढेच तीत दिसते. परंतु या सळईचा रोध अपेक्षेपेक्षा अधिक भरला तर काय करावे, असा प्रश्न उपस्थित झाला की त्याचे उत्तर बहुधा परंपरेने चालत आलेल्या नियमांच्या आधारे दिले जाते : मीठ घाला, कोळसा घाला, पाणी ओता, सळई जाड घ्या. यांपैकी काही उपाय सयुक्तिक आहेत, काही जवळजवळ निरुपयोगी आहेत, तर काही कालांतराने अपाय करणारे आहेत. त्यांतून योग्य निवड करावयाची तर हा रोध नेमका कोठे वसतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

रोधाचे स्थान

सळईच्या धातूचा स्वतःचा रोध ओहमच्या काही सहस्रांश भागांइतकाच असतो. माती सळईला घट्ट चिकटून बसलेली असेल तर त्या दोहोंमधील स्पर्शाचा रोधही नगण्य असतो. उरतो तो भोवतालच्या जमिनीचा रोध, आणि आपण मोजतो तो हाच. सळईतून बाहेर पडणारा प्रवाह सर्व दिशांना पसरतो. सळईलगतच्या मातीच्या थराचे क्षेत्रफळ अत्यल्प असल्याने तेथे प्रवाहाची दाटी होते. जसजसे दूर जावे तसतसे प्रवाहाला अधिकाधिक विस्तृत क्षेत्र मिळते व प्रत्येक पुढील थराचा रोध कमी होत जातो.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील एच. बी. ड्वाइट यांनी १९३६ साली निरनिराळ्या आकारांच्या भूसंपर्कांसाठी सूत्रे प्रसिद्ध केली. एकजिनसी जमिनीत उभ्या ठोकलेल्या सळईचे सूत्र शब्दांत असे मांडता येते : जमिनीच्या रोधकतेला सळईच्या लांबीच्या ६.२८ पटीने भागावे. मग लांबीची आठपट भागिले व्यास या संख्येचा नैसर्गिक लघुगणक घेऊन त्यातून १ वजा करावा. या दोन राशींचा गुणाकार म्हणजे रोध. जमिनीची रोधकता १०० ओहम-मीटर, सळईची लांबी ३ मीटर व व्यास १६ मि.मी. असल्यास रोध ३३.५ ओहम येतो. लेखाच्या शेवटपर्यंत हेच उदाहरण आपण आधारास घेऊ.

व्यास दुप्पट, म्हणजे ३२ मि.मी. केला तर रोध २९.८ ओहमवर येतो. धातू चौपट लागला आणि लाभ झाला केवळ ११ टक्क्यांचा, कारण व्यास हा लघुगणकाच्या आत दडलेला आहे. याउलट लांबी दुप्पट, म्हणजे ६ मीटर केली तर रोध १८.६ ओहम होतो, म्हणजे ४४ टक्क्यांनी घटतो. जाडीची निवड सळई ठोकताना वाकू नये व गंजून लवकर निकामी होऊ नये या दृष्टीने करावी. रोध कमी करण्याचे साधन म्हणून तिच्याकडे पाहू नये.

दुसरा मार्ग म्हणजे अनेक सळया समांतर जोडणे. मात्र त्यांची प्रभावक्षेत्रे एकमेकांत शिरत असल्याने दोन सळयांचा रोध एकीच्या बरोबर निम्मा होत नाही. वरील दोन सळया ३ मीटर अंतरावर ठेवल्यास एकत्रित रोध सुमारे १९.५ ओहम येतो, तर ६ मीटर अंतरावर ठेवल्यास सुमारे १८ ओहम. म्हणूनच दोन सळयांमधील अंतर निदान त्यांच्या लांबीइतके, व शक्य तेथे दुप्पट असावे.

मातीची वाहकता

मातीचे खनिज कण बहुतांशी विद्युत्‌रोधक असतात. वहन होते ते मुख्यतः कणांमधील पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या आयनांद्वारे; चिकणमातीत कणांच्या पृष्ठभागावरील आयनांचीही त्यास मदत होते. यामुळे ओलावा, क्षार व तपमान या तीन गोष्टींवर रोधकता अवलंबून असते. प्रमाणग्रंथांत वारंवार उद्धृत होणाऱ्या एका कोष्टकानुसार वालुकामय दुमट मातीत २.५ टक्के ओलावा असता रोधकता १५०० ओहम-मीटर, १० टक्के असता १८५, २० टक्के असता ६३ व ३० टक्के असता ४२ ओहम-मीटर असते. म्हणजे कोरड्या मातीला थोडासा ओलावा लाभला तरी फार मोठा फरक पडतो. पुढे मात्र अधिक पाण्याचा लाभ उत्तरोत्तर कमी होतो. क्षारांचेही तसेच आहे. १५ टक्के ओलावा असलेल्या अशा मातीची रोधकता १०७ ओहम-मीटर असता, ओलाव्याच्या वजनाच्या ०.१ टक्का मीठ मिसळल्याने ती १८ वर व १ टक्का मिसळल्याने ४.६ वर येते. मिठाच्या लोकप्रियतेचे कारण येथेच आहे.

भरणाच्या उपायांची मर्यादा

सळईभोवतीची माती काढून तेथे सुवाहक द्रव्य भरणे हा तिसरा मार्ग होय. सळईच्या अक्षापासून १५ सें.मी. अंतरापर्यंतच्या मातीच्या दंडगोलात एकूण रोधाचा जवळजवळ निम्मा, अचूक सांगावयाचे तर सुमारे ४६ टक्के भाग सामावलेला असतो. म्हणून ३० सें.मी. व्यासाचे भोक पाडून त्यात २.५ ओहम-मीटर रोधकतेचा ओला बेंटोनाइट भरल्यास आपल्या उदाहरणातील ३३.५ ओहमचा रोध सुमारे १८.३ ओहमवर येतो. सळई दुप्पट खोल नेल्याने झाला होता, जवळजवळ तेवढाच हा लाभ आहे.

परंतु भरणाची रोधकता शून्य आहे असे मानले तरी रोध १७.९ ओहमच्या खाली उतरत नाही. कारण उरलेला रोध भरणाच्या बाहेरील अस्पर्श जमिनीत आहे. भरणाचे द्रव्य आणखी महाग वा आणखी सुवाहक घेतल्याने त्या रोधाला धक्का लागत नाही. ही मर्यादा ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ वेळा पैसा व्यर्थ जातो.

द्रव्यांच्या गुणदोषांचाही विचार करावयास हवा. मीठ स्वस्त आहे, परंतु ते पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून निघून जाते व दर काही वर्षांनी पुन्हा घालावे लागते; शिवाय ते लोखंड गंजवते. दिसण्यात रोध उत्तम आणि जमिनीखाली सळई झिजून तुटलेली, असा धोका त्यामुळे संभवतो. मॅग्नेशियम सल्फेट त्या मानाने कमी क्षरणकारी आहे. बेंटोनाइट स्वतः विरघळून जात नाही व पाणी धरून ठेवतो; तथापि अति शुष्क स्थळी तो आकसतो व सळईपासून सुटतो. काँक्रीटही जमिनीतील ओलावा शोषून धरते. १९४२ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या कोरड्या प्रदेशात लष्करी दारूगोळ्याच्या कोठारांसाठी हर्बर्ट युफर यांनी पायाच्या काँक्रीटमधील पोलादी सळयांचाच भूसंपर्क म्हणून उपयोग केला, व सुमारे वीस वर्षांनंतरही तो समाधानकारक असल्याचे आढळले. नव्या इमारतीच्या बाबतीत हा उपाय पाया भरण्यापूर्वीच योजावा लागतो, एवढे मात्र खरे.

दख्खनची जमीन

वरील सर्व गणित एकजिनसी जमिनीचे आहे. महाराष्ट्राच्या पठारावरील जमीन तशी नाही. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग बेसाल्टचा कातळ, असा क्रम तेथे पुष्कळ ठिकाणी आढळतो. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटाची खनिजे विपुल असतात, आणि बेंटोनाइटचेही मुख्य घटक तेच होत. त्यामुळे ओली काळी माती हे एक उत्तम नैसर्गिक भरणच आहे. पण तिच्या अंगी बेंटोनाइटचा दोषही आहे : उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात व सळईभोवती पोकळी निर्माण होते. शिवाय तिचा थर पुष्कळ ठिकाणी एखाद-दुसऱ्या मीटरचाच असतो. अखंड कातळाची रोधकता शेकडो ओहम-मीटर वा त्याहून अधिक असल्याने तेथे खोली वाढविण्याचा नियम लटका पडतो. अशा स्थळी सळई कातळात नेण्यापेक्षा मातीच्या थरात, भेगांच्या पातळीखाली, लांब पट्टी आडवी पुरणे किंवा थोड्या लांबीच्या सळया विस्तृत अंतरावर जोडणे अधिक फलदायी ठरते.

जमिनीचे हे थर ओळखण्यासाठी फ्रँक वेनर यांनी १९१५ साली सुचविलेली पद्धत आजही उपयुक्त आहे. चार लहान खुंट्या एका रेषेत समान अंतरावर रोवून बाहेरील दोहोंमधून प्रवाह सोडावयाचा व आतील दोहोंमधील विभवांतर मोजावयाचे. खुंट्यांमधील अंतर वाढवीत गेल्यास अधिकाधिक खोलवरच्या जमिनीचा अंदाज येतो. अंतराबरोबर रोधकता चढत असेल तर खाली कातळ आहे व आडवी पट्टी श्रेयस्कर. उतरत असेल तर खोल सळई श्रेयस्कर. ही मोजणी मे महिन्यात करावी. पावसाळ्यात घेतलेला आकडा सत्य असला तरी तो वर्षातील सर्वांत अनुकूल दिवसांचा असतो.

रोध किती हवा?

शेवटी ज्या हेतूने हा खटाटोप करावयाचा त्याकडे वळू. शेतावरील पंपाच्या सांगाड्याला २३० व्होल्टची फेज चिकटली, पंपाची सळई ३३.५ ओहमची आहे व रोहित्राच्या न्यूट्रलचा भूसंपर्क ५ ओहमचा आहे, असे समजा. प्रवाह वाहील सुमारे ६ अँपिअर. १६ अँपिअरचा फ्यूज त्याने वितळणार नाही, आणि सांगाडा जमिनीच्या तुलनेने सुमारे २०० व्होल्टवर राहील. आता उत्तम भरण घालून सळईचा रोध १८.३ ओहम केला तर प्रवाह सुमारे १० अँपिअर होतो. फ्यूज तरीही वितळत नाही व सांगाड्यावर सुमारे १८० व्होल्ट उरतात. रोध निम्मा झाला, पण पंपाला हात लावणाऱ्या शेतकऱ्याचे संकट होते तसेच राहिले.

याउलट ३० मिलिअँपिअरला कार्य करणारा गळती-प्रवाह खंडक बसविला असता, सांगाड्यावरील दाब ५० व्होल्टच्या आत ठेवण्यास तत्त्वतः १६०० ओहमचा भूसंपर्कही पुरतो. म्हणजे येथे जीवरक्षण करतो तो खंडक. सळईने फक्त त्याला जागे करावयाचे असते. मात्र ती गंजून तुटलेली असता कामा नये. तडित्-संरक्षणासाठी अथवा विद्युत्-उपकेंद्रासाठी हा न्याय लागू पडत नाही. तेथे प्रवाह प्रचंड असल्याने रोध खरोखरच अल्प असावा लागतो, व तडित्-संरक्षणाच्या बाबतीत १० ओहमची मर्यादा रूढ आहे. भारतीय मानक ३०४३ हे १९६६ साली प्रथम प्रसिद्ध झाले व १९८७ आणि २०१८ साली सुधारले गेले. भूसंपर्काच्या रचनेचा व मोजणीचा तपशील अभ्यासकांनी त्यात अवश्य पाहावा.

तात्पर्य, उपाय योजण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळविली पाहिजेत : हा भूसंपर्क कोणत्या प्रवाहासाठी आहे, रोध जमिनीच्या कोणत्या भागात साठला आहे, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तो किती होतो. ही उत्तरे हाती असली म्हणजे सळई लांबवावी, वाढवावी, आडवी घालावी की तिच्याभोवती भरण घालावे, हे ठरविणे कठीण जात नाही.