हवेतले आठ-नऊ सेकंद

ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तीन मीटर स्प्रिंगबोर्डवर पुरुषांना सहा उड्या मिळतात. फळीवरून पाय सुटल्यापासून हात पाण्याला लागेपर्यंत एका उडीला जेमतेम दीड सेकंद. लहानपणापासून ज्या पदकामागे धावायचं, त्याचा निकाल हवेतल्या आठ-नऊ सेकंदांत. उरलेलं आयुष्य जमिनीवर: गादीवर कोलांट्या, कमरेला पट्टा बांधून ट्रॅम्पोलिनवर गिरक्या, आणि पायाचे चवडे ताणत बसणं.

हे जमिनीवरचं आयुष्य अमरावतीला चांगलं ठाऊक आहे. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये उभ्या केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला. मल्लखांबावर उलटं लटकणाऱ्या पोट्ट्याला आपलं डोकं कुठे आणि पाय कुठे, हे डोळे मिटूनही कळतं. डायव्हरला नेमकं हेच लागतं. माझ्या मते चांगला डायव्हर शोधायचा तर तलावाआधी आखाड्यात डोकवावं.

फळीवर चढल्यावर खेळाडू आधी बाजूचं चाक पायाने फिरवतो. त्याने फळीखालचा टेकू पुढे-मागे सरकतो आणि लवचीकता आपल्या वजनाला जुळवून घेता येते. मग मोजून टाकलेली पावलं, एक उंच उसळी, दोन्ही पाय टोकावर. फळी खाली दबते आणि वर फेकते. इथे घाई केली की सगळं बिघडतं. फळी परत येईपर्यंत थांबावं लागतं. पाण्यात शिरताना वेग ताशी तीसेक किलोमीटर. तळहात एकावर एक ठेवून, सपाट करून पाण्यावर आपटायचे आणि आत जाताच हात बाजूला फाकवायचे, म्हणजे उसळणारं पाणी अंगामागोमाग खाली ओढलं जातं.

वऱ्हाडात उन्हाळ्यात विहिरीवर मुटका मारणाऱ्याची शान काठावरचे सगळे भिजण्यात असते. इथे थेंबभर जास्त उडाला तरी गुण गेले! सात पंचांपैकी वरचे दोन आणि खालचे दोन गुण वगळतात. उरलेल्या तिघांची बेरीज उडीच्या काठिण्यांकाने गुणतात. 7, 7 आणि 7.5 मिळाले आणि काठिण्यांक 3 असला, तर 64.5.

1951 च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत के. पी. ठक्कर यांनी स्प्रिंगबोर्ड आणि उंच मंच अशी दोन्ही सुवर्णपदकं भारताला मिळवून दिली. 1988 मध्ये सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ग्रेग लुगानिसचं डोकं प्राथमिक फेरीत फळीवर आपटलं. टाके घालून तो परतला, उरलेल्या उड्या मारल्या आणि दुसऱ्या दिवशी सुवर्ण जिंकला. मला मात्र आपल्या सोलापूरच्या हृतिका श्रीरामचं जास्त अप्रूप वाटतं. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू पुन्हा घडवून ती फळीवर उभी राहिली आणि राष्ट्रीय सुवर्णपदक घेऊन आली. पोट सैल असेल तर गिरकी उघडताना शरीर सरळ होतच नाही, हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्या पदकाचं वजन कळेल.

आपल्याकडे या खेळातल्या माणसाचा संसार बहुतेक रेल्वे किंवा सैन्यदलाच्या नोकरीवर चालतो. राष्ट्रीय स्पर्धांत या दोन संघांचा दबदबा असतो तो त्यामुळेच. शिवाय तीन मीटरच्या फळीखाली पावणेचार मीटरच्या आसपास खोल पाणी हवं. पोहायला शिकवायच्या तलावात तेवढी खोली नसते. त्यामुळे अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तलाव पोरांनी कितीही गजबजला, तरी त्यातून डायव्हर निघायचा तर आधी तेवढं खोल खणावं लागेल.