मुलाची बोली, मुलाचे कवच

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी सायंकाळी फिरावयास जावे, म्हणजे मुलाबाळांसह आलेली कितीतरी कुटुंबे दिसतात. गर्दीत एखाद्या बालकाचा हात आईच्या हातून सुटला, तर ते आपल्या भाषेत हाक मारते आणि दहा माणसे वळून पाहतात. ती हाक हेच त्याचे पहिले संरक्षण होय.

परंतु याच शहरातून धमतरी-कांकेरमार्गे बस्तरकडे निघालो, तर वाटेवरच्या आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत आईबापांपासून दूर राहणारी आदिवासी बालके भेटतील. कोणाची बोली गोंडी, कोणाची हलबी. हलबीचे तर आपल्या मराठीशी जवळचे नाते आहे. रात्री पोटात दुखले किंवा कोणी वाईट हेतूने अंगाला हात लावला, तर या बालकांनी ते कोणत्या भाषेत आणि कोणाला सांगावे? २०१३ च्या आरंभी कांकेर जिल्ह्यातील एका निवासी आश्रमातील लहान मुलींवर तेथील माणसांकडूनच अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा या प्रश्नाचे गांभीर्य साऱ्या देशाला जाणवले.

केवळ भिंती उंच केल्याने मूल सुरक्षित होत नाही. ऑस्ट्रेलियात तेथील मूळ रहिवाशांची हजारो मुले ‘त्यांच्याच कल्याणासाठी’ म्हणून आईबापांपासून तोडण्यात आली; त्यांची भाषा गेली, नाव गेले, आणि अनेकांच्या वाट्याला छळ आला. या अन्यायाबद्दल तेथील पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत क्षमा मागितली. ज्याचे ऐकणारे आपले माणूसच उरले नाही, ते मूल कोणाच्याही हाती सापडते, हाच त्यातील बोध आहे.

याहून निराळी वाट आपल्या महाराष्ट्राने पूर्वीच दाखविली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी माळावर कुरणशाळा भरली. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीला शिकता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. खेळणी बनली ती भोवतालच्या बिया, पाने आणि खडे यांची. मूल आपल्या माणसांच्या नजरेआड न होता शिकू लागले, हे या प्रयोगाचे मोठे मर्म होय.

मात्र आदराचा अर्थ डोळेझाक असा कोणी करू नये. “त्यांची रीतच तशी” असे म्हणून मुलाच्या दुःखाकडे पाठ फिरविणे हाही त्या समाजाचा अनादरच आहे. कोणत्याही समाजाची परंपरा आपल्या लेकरांचा छळ व्हावा म्हणून निर्माण झालेली नसते. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अशा गुन्ह्याची शंका आली तरी पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे; त्याला जात, जमात वा संस्थेच्या लौकिकाचा अपवाद नाही.

वाचकहो, आपण एखाद्या वसतिगृहास देणगी देत असाल, सुटीत मुलांना शिकवावयास जात असाल, तर काही प्रश्न अवश्य विचारा. मुलांची बोली जाणणारी, त्यांच्याच समाजातील एखादी स्त्री तेथे कामाला आहे काय? आईबाप हवे तेव्हा भेटू शकतात काय? कोणी प्रौढ व्यक्ती एखाद्या मुलासह बंद दाराआड एकटी राहू नये, असा नियम पाळला जातो काय? तक्रार करावयाची तर कोणाकडे, हे सर्वांत लहान मुलालाही ठाऊक आहे काय? १०९८ हा बालकांच्या मदतीचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक भिंतीवर ठळक लिहिला आहे काय? आणि आपणही पालकांना विचारल्यावाचून मुलांची छायाचित्रे घेऊ नका. हा नियम पाहुण्यालाही लागू आहे.

खाऊ, कपडे, पुस्तके या भेटी चांगल्याच. पण त्याआधी मुलाला द्यावयाची भेट एकच: त्याने हाक मारली, तर ती समजेल असा एक कान.