चहा ‘स्ट्राँग’, पाऊस मात्र ‘हेवी’!

व्याकरण बरोबर, स्पेलिंग बिनचूक, तरी इंग्रजी वाक्य कानाला खटकतं. का? बहुतेक वेळा शब्दांची जोडी चुकलेली असते. या ठरलेल्या जोड्यांना ‘कोलोकेशन’ म्हणतात. त्या शिकायला भंडारा जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही!

जोर एक, शब्द दोन
वैनगंगेकाठी जोराचा पाऊस आला की ‘हेवी रेन’, जोराचा वारा सुटला की ‘स्ट्राँग विंड’. टपरीवरचा कडक चहा ‘स्ट्राँग टी’. ‘पॉवरफुल’ असतं ते इंजिन. चहाचं हे गाजलेलं उदाहरण भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी १९६६ मध्ये दिलं.

देणं-घेणं उलटं
आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो, गुरुजी घेतात. इंग्रजीत विद्यार्थी ‘टेक्स ॲन एक्झाम’! लक्ष आपण देतो, इंग्रज ते ‘पे’ करतो. गृहपाठ ‘डू’ करायचा, चूक मात्र ‘मेक’ करायची.

नासलं, खवटलं, शिळं झालं
आपण तेल नासलं म्हणत नाही आणि दूध खवटलंही म्हणत नाही. इंग्रजीचाही हाच काटेकोरपणा: तेल ‘रॅन्सिड’, दूध ‘सावर’, अंडं ‘रॉटन’, पाव ‘स्टेल’. म्हणजे जोड्या ओळखणारा कान मराठी माणसाला घरच्या स्वयंपाकघरातच मिळालेला आहे. तोच इंग्रजीसाठी वापरायचा.

बांधीतलं इंग्रजी
धानाची रोवणी म्हणजे ‘ट्रान्सप्लांट पॅडी’, कापणी म्हणजे ‘हार्वेस्ट द क्रॉप’ आणि पीक भरघोस आलं की ‘बम्पर क्रॉप’!

नागझिऱ्याची शाळा
चितळांचा कळप ‘हर्ड’, रानकुत्र्यांची टोळी ‘पॅक’, पोपटांचा थवा ‘फ्लॉक’, मधमाश्यांचा ‘स्वॉर्म’. एका जंगलफेरीत चार जोड्या पाठ.

वाईट संगतीतला शब्द
‘कॉज’ म्हणजे कारण होणं. अर्थ साधा, पण संगत बघा: डॅमेज, ट्रबल, डेथ, प्रॉब्लेम. हा शब्द बहुतेक वाईट गोष्टींबरोबरच येतो. म्हणून ‘कॉज हॅपिनेस’ विचित्र वाटतं. तिथे ‘ब्रिंग हॅपिनेस’ शोभतं.

लाहोर ते टोकियो
माणसासारखाच शब्दही त्याच्या संगतीवरून ओळखावा, असं मानणारे जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. इंग्रजी जोड्यांवरचा हॅरॉल्ड पामर यांचा मोठा अहवाल १९३३ मध्ये निघाला, तो टोकियोत. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोशही १९४२ मध्ये तिथेच छापला गेला. ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये आपल्या नावाने काढला. परक्यांना इंग्रजी शिकवतानाच या जोड्यांचं मोल नीट कळलं.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पोरांच्या वह्यांत अजूनही एका बाजूला शब्द आणि समोर अर्थ असतो. पालकांनो, गुरुजींनो, एवढा एक बदल करा: ‘रेन – पाऊस’ नको, ‘हेवी रेन – जोराचा पाऊस’ लिहून घ्या. रोज दोन जोड्या पुरेत, पण त्या वाक्यात बोलून घ्या.