इस्रायलवरचा झोत आणि त्याभोवतीचे गैरसमज

इस्रायलचे क्षेत्रफळ सुमारे २२ हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या एक कोटीच्या आसपास. एवढ्याशा देशाबद्दल जगभरात जितके छापून येते, जितके मोर्चे निघतात आणि संयुक्त राष्ट्रांत जितके ठराव होतात, तितके त्याच्या कितीतरी पट मोठ्या देशांच्या वाट्याला येत नाहीत. हे वास्तव सहसा कुणी नाकारत नाही. भांडण आहे ते त्याच्या अर्थावरून. एक बाजू म्हणते, इस्रायलचे अपराधच तेवढे मोठे, म्हणून लक्षही तेवढे. दुसरी म्हणते, हा सगळा ज्यूद्वेष, म्हणून आरोपांत काही तथ्य नाही. दोन्ही बाजूंचा गोंधळ एकच आहे. एखादा आरोप खरा आहे का, हा एक प्रश्न; तसेच कृत्य दुसऱ्याने केले तर त्याच्यावर तो आरोप तितक्याच जोराने होतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यातून मिळत नाही आणि दुसऱ्याचे पहिल्यातून मिळत नाही.

बळी जास्त म्हणून बातम्या जास्त, हा समज आधी तपासू. संयुक्त राष्ट्रांच्याच मानवतावादी समन्वय कार्यालयाच्या नोंदींनुसार २००८ पासून सप्टेंबर २०२३ पर्यंत या संघर्षात सुमारे ६,४०० पॅलेस्टिनी आणि सुमारे ३०० इस्रायली मारले गेले. याच काळाचा मोठा भाग सीरियाच्या युद्धाने व्यापला होता. तिथे मार्च २०११ ते मार्च २०२१ या दहा वर्षांत तीन लाखांहून अधिक नागरिकांचा बळी गेला, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अंदाज आहे. येमेनमध्ये २०२१ अखेरपर्यंत, भूक आणि रोगराईचे बळी धरून, तीन लाख ७७ हजार. इथिओपियाच्या टिग्रे प्रांतात २०२० ते २०२२ या दोन वर्षांत किती माणसे गेली याचे अंदाज काही लाखांपर्यंत जातात. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझाचे चित्र पार बदलले हे मान्यच करायला हवे. हमासने ७ ऑक्टोबरला सुमारे १,२०० माणसे मारली आणि २५१ जणांना ओलीस नेले. त्यानंतर गाझात मारल्या गेलेल्यांचा तिथल्या आरोग्य मंत्रालयाने दिलेला आकडा २०२५ संपण्याआधीच ७० हजारांच्या पुढे गेला. हा आकडा लढवय्ये आणि नागरिक असा भेद करत नाही, पण कसाही वाचला तरी तो भयंकर आहे. एवढ्या संहाराकडे जगाने पाहिले यात नवल नाही. मात्र ज्या विषमतेबद्दल आपण बोलतो आहोत, ती त्याआधीची कित्येक दशके तशीच होती.

आकड्यांची तुलना करताना देश, कारणे, काळ सगळेच बदलते, त्यामुळे असल्या तुलनेतून फार काही सिद्ध होत नाही, असा आक्षेप कुणी घेईल. तो रास्त आहे. म्हणून बळी तेच ठेवून फक्त मारणारा बदलून पाहू. इतिहासाने ही कसोटी स्वतःच घेऊन ठेवली आहे. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरूतच्या साब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी वस्त्यांत लेबनॉनच्या ख्रिस्ती फलांजिस्ट टोळ्यांनी कत्तल केली. वस्त्यांना वेढा इस्रायली सैन्याचा होता आणि टोळ्यांना आत सोडणारेही तेच. मृतांचे अंदाज सात-आठशेपासून साडेतीन हजारांपर्यंत जातात. जगभर संताप उसळला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबरमध्ये या घटनेला वंशसंहार म्हटले, तेल अवीवमध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि इस्रायलनेच नेमलेल्या काहान आयोगाच्या अहवालानंतर एरियल शेरॉन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले. हे सगळे योग्यच झाले. आता पुढचे पाहा. मे १९८५ पासून सीरियाचा पाठिंबा असलेल्या अमल या शिया संघटनेने त्याच शातिलाला आणि शेजारच्या बुर्ज अल-बराज्ने छावणीला वेढा घातला. हे ‘छावण्यांचे युद्ध’ थांबत-पेटत १९८८ पर्यंत चालले. छावण्यांवर तोफा डागल्या गेल्या, अन्न तोडले गेले, बुर्ज अल-बराज्नेत लोकांवर कुत्री-मांजरे खायची वेळ आली. वस्ती तीच, माणसेही बरीचशी तीच. तरीही साब्रा-शातिला हे नाव आजही घोषणांत आणि चित्रपटांत जिवंत आहे, तर छावण्यांचे युद्ध अभ्यासकांच्या पुस्तकांपुरते उरले. आणि हे १९८२ सालच घ्या: फेब्रुवारीत सीरियाचे अध्यक्ष हाफिज अल-असद यांच्या फौजांनी स्वतःच्याच हमा शहरात कमीत कमी अंदाजानेही हजारो माणसे मारली. तिथून ना छायाचित्रे बाहेर आली, ना जगात कुठे मोठा मोर्चा निघाला.

ही एखाददुसरी घटना नव्हे. १९९० मध्ये कुवेतमध्ये सुमारे चार लाख पॅलेस्टिनी राहत होते. पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांनी कुवेतवर चढाई करणाऱ्या सद्दाम हुसेनची बाजू घेतल्याचा वचपा म्हणून १९९१ मध्ये त्यांना छळून, हुसकावून लावले गेले. मागे उरले ते काही हजार. एका समाजाचे एवढे मोठे स्थलांतर एरवी परिषदा आणि ठरावांचा विषय झाले असते. दमास्कसजवळच्या यार्मूक या पॅलेस्टिनी छावणीला सीरियन सरकारने २०१३ पासून वेढा घालून लोकांना उपाशी मारले. अन्नाच्या पाकिटासाठी भग्न इमारतींमध्ये दूरवर दाटलेल्या गर्दीचा तिथला एक फोटो २०१४ साली जगभर छापून आला, हेही खरे. पण त्यासाठी विद्यापीठांत तंबू पडले नाहीत, सीरियावर सांस्कृतिक बहिष्काराची मोहीम उभी राहिली नाही. लेबनॉनमध्ये आजही पॅलेस्टिनी निर्वासितांना अनेक व्यवसाय करता येत नाहीत, घर-जमीन विकत घेता येत नाही. महमूद अब्बास २००५ मध्ये चार वर्षांसाठी पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे अध्यक्ष निवडले गेले आणि नंतर अध्यक्षपदाची निवडणूकच झाली नाही, हे या विषयावर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? तेव्हा या लक्षाचा उगम पॅलेस्टिनींविषयीच्या कळवळ्यात आहे, हा समज पूर्णपणे टिकत नाही. कळवळा असतो, आणि तो खराही असतो. पण तो जागा होतो तो समोर इस्रायल असेल तेव्हाच.

संस्थांच्या पातळीवर हा कल शोधावा लागत नाही, तो कागदावर लिहिलेला आहे. संयुक्त राष्ट्रांची मानवाधिकार परिषद २००६ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने आपल्या कायमच्या कार्यक्रमपत्रिकेत सातवा विषय म्हणून पॅलेस्टाईन आणि व्याप्त अरब प्रदेश यांचा समावेश केला. उत्तर कोरिया, इराण, म्यानमार, सीरिया हे सारे चौथ्या, सामायिक विषयात. एकाच संघर्षासाठी मात्र स्वतंत्र, न संपणारी जागा. तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांनी तेव्हाच नाराजी व्यक्त केली होती. डिसेंबर २०१६ मध्ये, पद सोडताना, त्यांनी सुरक्षा परिषदेसमोर स्पष्ट सांगितले की अनेक दशकांच्या राजकीय डावपेचांमुळे इस्रायलवर टीका करणाऱ्या ठरावांचे, अहवालांचे आणि परिषदांचे प्रमाण अवाजवी झाले आहे. बान हे काही इस्रायलचे वकील नव्हेत. इस्रायली वसाहतींवर त्यांनी सतत टीका केली. उलट बाजूला ऑक्टोबर २०२२ मध्ये याच परिषदेत चीनच्या शिनजियांग प्रांतातील उइगुर मुस्लिमांच्या स्थितीवर फक्त चर्चा करावी, निषेधही नाही, असा प्रस्ताव आला आणि तो १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. अकरा देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. प्रस्ताव पाडणाऱ्यांत कित्येक मुस्लिमबहुल देश होते.

याला दिले जाणारे सर्वांत दमदार उत्तर नकाराधिकाराचे आहे. अमेरिकेने इस्रायलला वाचवण्यासाठी सुरक्षा परिषदेत चाळीसहून अधिक वेळा नकाराधिकार वापरला. खरी ताकद असलेले दार बंद म्हणून आमसभेत आणि मानवाधिकार परिषदेत ठरावांचा ढीग साचतो, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. बोलाची कढी वाढत गेली, कारण खऱ्या कढीचे भांडे कुणी उतरवू देत नाही. पण हे स्पष्टीकरण पुरेसे असते, तर ते इतरत्रही लागू पडायला हवे होते. रशियाने २०११ नंतर सीरियासाठी पंधराहून अधिक वेळा नकाराधिकार वापरला. त्याची भरपाई म्हणून आमसभेत सीरियावर दरवर्षी इस्रायलइतके ठराव झाले नाहीत. व्याप्त प्रदेशाचा मुद्दाही असाच. १९६७ पासूनचा ताबा आणि वेस्ट बँक व पूर्व जेरुसलेममधले सुमारे सात लाख वसाहतकार ही इस्रायलविरुद्धची सर्वांत भक्कम तक्रार आहे. पण तुर्कस्तानचा उत्तर सायप्रसवरचा ताबा १९७४ पासूनचा, मोरोक्कोचा पश्चिम सहारावरचा १९७५ पासूनचा, आणि तिथेही बाहेरून माणसे आणून वसवली गेली. पश्चिम सहाराचे निर्वासित अल्जीरियातल्या टिंडूफजवळच्या छावण्यांत अर्धशतक काढून बसले आहेत. त्यांच्यासाठी कुठल्या विद्यापीठात कुणी कधी धरणे धरले?

माध्यमांच्या बाबतीत मला हेतूपेक्षा सोय अधिक दिसते. असोसिएटेड प्रेसच्या जेरुसलेम कार्यालयात काम केलेले मॅटी फ्रीडमन यांनी २०१४ मध्ये लिहिले की तिथे या एका संघर्षासाठी संस्थेचे चाळीसहून अधिक कर्मचारी होते. चीन, रशिया किंवा भारतातल्यापेक्षा बरेच जास्त. वृत्तसंस्थेने त्यांचे पक्षपाताचे आरोप फेटाळले, पण एवढी माणसे का, याचे उत्तर पक्षपाताशिवायही देता येते. जेरुसलेम तीन धर्मांचे पवित्र शहर, पाश्चात्त्य वाचकाला बायबलमुळे तिथली गावे नावानिशी माहीत, युरोपच्या मनावर ज्यूंच्या संहाराचे ओझे, हॉटेल चांगले, न्यायालय स्वतंत्र, आणि सरकारवर तुटून पडणारे ‘हाआरेट्झ’सारखे दैनिक व ‘बत्सेलेम’सारखी संघटना हाताशी. टिग्रेत सरकारने इंटरनेट आणि फोन तोडले, पत्रकारांना रोखले आणि जगाला फार काळ काही कळलेच नाही. मोकळा देश स्वतःचे दोष दाखवू देतो म्हणून अधिक दोषी दिसतो. अर्थात हे कौतुक गाझापर्यंत पोचत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायलने परदेशी पत्रकारांना तिथे स्वतंत्रपणे जाऊ दिले नाही आणि तिथले स्थानिक पत्रकार मोठ्या संख्येने मारले गेले. मराठी वाचकापर्यंत जगाची बातमी मुख्यतः अशाच मोजक्या वृत्तसंस्थांच्या तारांवरून येते. म्हणून ज्याची सीमा आपल्या चार राज्यांना लागून आहे, त्या म्यानमारच्या यादवीपेक्षा गाझातल्या मोहल्ल्यांची नावे आपल्याला अधिक पाठ असतात.

चळवळींचे समर्थक सांगतात की अमेरिका इस्रायलला दरवर्षी ३.८ अब्ज डॉलरची लष्करी मदत देते, तेव्हा तिथल्या करदात्याने त्याबद्दल बोलणे स्वाभाविक आहे. अमेरिकी नागरिकापुरते हे अगदी खरे. पण डब्लिन, जकार्ता किंवा केपटाऊनच्या मोर्चाला ते लागू होत नाही. येमेनवर पडणारे सौदी बॉम्बही मोठ्या प्रमाणात अमेरिकी आणि ब्रिटिश होतेच. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण तर बोलके आहे. जून २०१५ मध्ये दारफुरच्या अत्याचारांसाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे वॉरंट असलेले सुदानचे अध्यक्ष ओमर अल-बशीर जोहान्सबर्गला परिषदेसाठी आले आणि स्थानिक न्यायालयाचा मनाई आदेश असतानाही सुखरूप परत गेले. जानेवारी २०२४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेनेच इस्रायलविरुद्ध दाखल केलेल्या वंशसंहाराच्या खटल्याची सुनावणी हेगमध्ये सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, अध्यक्ष रामाफोसा यांनी प्रिटोरियात सुदानच्या ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’चे प्रमुख हेमेदती यांचे स्वागत केले. दारफुरमधल्या नव्या कत्तलींचा ठपका याच दलावर आहे. दक्षिण आफ्रिकेचा अर्ज यामुळे खोटा ठरत नाही. त्याचा निकाल पुराव्यांवर व्हायचा आहे, अर्जदाराच्या सोवळेपणावर नव्हे.

मग हे सगळे ज्यूद्वेषातून येते का? काही भाग नक्कीच येतो. १९७५ मध्ये आमसभेने झायोनवाद हा वंशवादाचा प्रकार असल्याचा ठराव ७२ विरुद्ध ३५ मतांनी केला. भारताने बाजूने मत दिले, आणि १९९१ मध्ये तो रद्द करतानाही भारत रद्द करणाऱ्यांत होता. जगातल्या इतक्या राष्ट्रवादांपैकी एकाच राष्ट्रवादाला असे नाव ठेवले गेले, यामागे निव्वळ शीतयुद्धाचे गणित होते असे म्हणवत नाही. मराठी माणसाला ज्यूद्वेषाच्या या वासाची ओळख नाही. कोकणात बेने इस्रायली शतकानुशतके राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. त्यांच्यावर कुणी लहान मुलांच्या रक्ताचे आळ घेतले नाहीत, जे युरोपात मध्ययुगापासून घेतले गेले. त्यामुळे ज्यूद्वेषाचा आरोप आपल्याला कधी कांगावा वाटतो, तर कधी आपण तो तपासल्याविना स्वीकारतो. बऱ्याच देशांनी मान्य केलेल्या २०१६ च्या ज्यूद्वेषाच्या व्याख्येतच लिहिले आहे की इतर कुठल्याही देशावर होते तशी टीका इस्रायलवर केली, तर तिला ज्यूद्वेष म्हणता येणार नाही.

म्हणूनच या विषमतेचा ढाल म्हणून वापर करणाऱ्यांचीही गल्लत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने इस्रायलचे तत्कालीन पंतप्रधान नेतन्याहू आणि माजी संरक्षणमंत्री योआव गॅलंट यांच्यावर अटक वॉरंट काढले, हमासच्या मोहम्मद देइफवरही काढले. त्याच न्यायालयाने आधी बशीर आणि पुतिन यांच्यावरही काढले होते. चीनवर ठराव होत नाही, या सबबीने त्यातले एकही कलम पुसले जात नाही. दहा चोर मोकळे सुटले म्हणून अकराव्याची चोरी खोटी ठरत नाही. तक्रार करायची ती त्या दहांबद्दल.

आणि त्या दहांची किंमत पैशांत मोजता येते. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या सुदानच्या युद्धाने एक कोटीहून अधिक माणसांना घराबाहेर काढले. ऑक्टोबर २०२५ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर अल-फाशेर शहर हेमेदतींच्या दलाच्या हाती पडले, आणि तिथे झालेल्या कत्तलींचा माग बाहेरच्या अभ्यासकांना उपग्रहाच्या छायाचित्रांवरून काढावा लागला, कारण पाहायला जाऊ शकेल असा पत्रकार जवळपास नव्हताच. सुदानमधल्या मदतकार्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी त्या वर्षी मागितलेल्या रकमेपैकी निम्मीही जमा झाली नाही.