नाव पुसण्याचा हुकूम

३ एप्रिल १६०३. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स एडिंबरोहून लंडनला निघायच्या तयारीत होता. दहा दिवसांपूर्वी राणी एलिझाबेथ वारली होती आणि इंग्लंडची गादी त्याच्याकडे आली होती. निघायला दोन दिवस उरले असताना त्याच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे सल्लागार मंडळाने, एक हुकूम काढला : मॅकग्रेगर हे आडनाव यापुढे कुणी लावायचं नाही. ज्यांचं ते आहे त्यांनी दुसरं घ्यावं. जो घेणार नाही त्याला देहदंड.

या आडनावात एवढं काय होतं, हे कळायला आधी गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या आणि आयर्लंडमधल्या जुन्या भाषेतल्या, नावांची रीत समजून घ्यावी लागते. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. आयर्लंडमधला ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. ओब्रायन हे १०१४ साली क्लॉनटार्फच्या लढाईत पडलेल्या ब्रायन बोरू राजाचे वंशज. गेलिक बोलणारी बाई ‘मॅक’ लावत नाही, ती ‘निक’ लावते, म्हणजे लेक. घराण्याला म्हणतात त्या ‘क्लॅन’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘लेकरं’ असाच आहे. आपलं ‘कर’ लावलेलं आडनाव गाव सांगतं. गेलिक आडनाव पूर्वज सांगतं.

ग्रेगरची ही लेकरं ग्लेन ऑर्की आणि ग्लेन स्ट्रे या डोंगरदऱ्यांत राहत. जमीन आपली, कारण ती आपण तलवारीने राखली, असं ते मानत. शेजारच्या कॅम्बेल घराण्याने मात्र राजाकडून त्याच जमिनीच्या सनदा मिळवल्या. कागद एकाकडे आणि कसणारे हात दुसऱ्याचे, अशा तंट्यात पिढ्यानपिढ्या रक्त सांडलं.

या वैराची एक खूण आजही गायली जाते. ग्लेन स्ट्रेच्या ग्रेगरची बायको मॅरियन कॅम्बेल घराण्यातली. ७ एप्रिल १५७० रोजी तिच्या माहेरच्याच माणसांनी तिच्या नवऱ्याचा शिरच्छेद केला. त्यावर तिने रचलेला विलाप म्हणून ‘ग्रिओगल क्री’ हे गीत ओळखलं जातं. बाळाला जोजवत नवऱ्यासाठी रडणाऱ्या बाईचं हे गाणं गेलिक घरांत अंगाई म्हणून टिकलं आहे.

तिचा मुलगा अलास्टर पुढे घराण्याचा प्रमुख झाला. ७ फेब्रुवारी १६०३ रोजी लॉक लोमंडजवळच्या ग्लेन फ्रूइनमध्ये त्याच्या माणसांनी कहून घराण्याची मोठी कत्तल केली. राजाच्या हुकुमाचं तात्कालिक कारण हेच. अलास्टर हाती लागला तो विश्वासाने. अर्गाइलच्या कॅम्बेल अर्लने त्याला इंग्लंडच्या भूमीवर सुखरूप पोचवण्याचा शब्द दिला होता. तो त्याने तेवढ्यापुरता पाळला : सीमेपलीकडे नेलं आणि तिथून परत एडिंबरोला आणलं. २० जानेवारी १६०४ रोजी अलास्टरला फाशी झाली.

१६१३ मध्ये आणखी एक फर्मान निघालं. पूर्वी मॅकग्रेगर असलेल्या चारांहून अधिक माणसांनी एकत्र जमायचं नाही. जवळ शस्त्र ठेवायचं नाही. जेवताना मांस कापायला चाकू चालेल, तोही टोक नसलेला. लोकांनी मरे, ग्रॅहम, ड्रमंड, स्ट्युअर्ट अशी आडनावं घेतली. काहींनी तर कॅम्बेलही घेतलं. पण घरातली भाषा गेलिक होती, आणि तिच्यात माणूस स्वतःची ओळख सांगतो ती वंशावळ म्हणून : मी अमक्याचा मुलगा, तो तमक्याचा. ती चुलीपाशी तोंडपाठ होई. सरकारी कागदावरचं नाव बदललं, ही मालिका बदलायला कुठलं कौन्सिल येणार होतं?

पुढे मॅकग्रेगर तेव्हाच्या राजाच्या बाजूने लढले म्हणून १६६१ मध्ये बंदी उठली. १६९३ मध्ये ती पुन्हा लादली गेली. प्रसिद्ध रॉब रॉय याच काळातला. १६७१ मध्ये जन्मलेला हा तांबड्या केसांचा मॅकग्रेगर कागदोपत्री आईचं कॅम्बेल आडनाव लावी. १७३४ मध्ये तो वारला, तेव्हाही बंदी होतीच. ती कायमची गेली १७७४ मध्ये, पहिल्या हुकुमानंतर १७१ वर्षांनी.

त्यानंतर ८२६ मॅकग्रेगरांनी सह्या करून जॉन मरे यांना आपला प्रमुख मानलं. बंगालमध्ये कंपनीच्या चाकरीत राहिलेला हा माणूस जन्माने मॅकग्रेगर, नावाने मरे. त्याच्या मुलाची, इव्हानची, एक खूण आपल्या खानदेशात आहे. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तापीकाठच्या थाळनेर किल्ल्याच्या दिंडी दरवाजात इंग्रज अधिकारी शिरले आणि तिथे चकमक उडाली. त्यात ‘कर्नल मॅकग्रेगर मरे’, म्हणजे हाच इव्हान, गंभीर जखमी झाला. त्या दिवशी इंग्रज फौजेने किल्ल्यातली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिली. घराण्याच्या हालअपेष्टा सांगताना हा रक्तरंजित दिवस वगळता येत नाही. छळ सोसलेल्यांचे वंशज दुसऱ्यांच्या मुलखात जेत्यांच्या रांगेत उभे होते.

१८२२ मध्ये इव्हानने राजाच्या परवान्याने मॅकग्रेगर हे नाव परत घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. स्कॉटलंडची राजचिन्हं किल्ल्यातून राजवाड्यात न्यायची होती आणि त्यांच्या पहाऱ्याचा मान इव्हान आणि त्याच्या मॅकग्रेगरांना मिळाला. त्या राजचिन्हांत एक जुना मुकुट होता. १५६७ मध्ये तान्ह्या सहाव्या जेम्सच्या राज्याभिषेकाला तोच वापरला होता.

ज्या राजाने हे नाव पुसायचा हुकूम काढला, त्याचा मुकुट त्याच शहरात मॅकग्रेगर म्हणवणारी माणसं राखत चालली होती.